अडकणाऱ्या खिडक्या: ड्राय सिलिकॉन स्प्रे, नवे रोलर आणि मिस्त्रींचं काम, वर्षभर वापरून मग लिहिलेला रिव्ह्यू

आईच्या खोलीतली खिडकी दोन वर्षं बंदच होती. तुटली नव्हती हं, काच शाबूत, लॉक शाबूत, पण सरकायचीच नाही, मला दोन्ही हातांनी पाय रोवून ओढायला लागायची आणि आईचं वय सत्तरीच्या पुढे, त्यात मनगट दुखतं, मग तिने हळूहळू त्या खिडकीचा नादच सोडला. "राहू दे गं, पंखा आहे ना" म्हणायची. मला ते फार उशिरा लक्षात आलं, एकदा दुपारी तिच्या खोलीत गेले तर इतकी कोंदट हवा होती की मला स्वतःलाच राग आला, की एवढ्याशा गोष्टीसाठी आपण दोन वर्षं घालवली. म्हणून हा रिव्ह्यू जरा मोठा होणार आहे, कारण मी त्यानंतर घरातल्या चारही खिडक्यांमागे लागले, एक स्प्रे घेतला, रोलर बदलले, एका खिडकीच्या बिजागऱ्या बदलल्या, आणि दोन वेगवेगळ्या लोकांना कामासाठी बोलावलं, त्यातलं काय चाललं आणि काय नाही ते सगळं एकत्रच लिहिते.

आधी स्प्रेबद्दल, कारण बहुतेक जण तेच शोधत येतात. मी घेतलेला स्प्रे ड्राय सिलिकॉन प्रकारातला आहे, डब्यावर "ड्राय" हा शब्द बघून घ्या, तो महत्त्वाचा आहे. मारल्यावर दोन-तीन मिनिटांत त्यातलं पातळ द्रव्य उडून जातं आणि मागे एक पातळसा, हाताला न चिकटणारा थर राहतो. साधं तेल किंवा ग्रीस आणि हा यात फरक काय तर तेल ओलं राहतं, धूळ धरतं, आणि खिडकीच्या ट्रॅकसारख्या जागी जिथे रोज रस्त्यावरची धूळ येऊन बसते तिथे तेल आणि धूळ मिळून काळी पेस्ट तयार होते. हे मी वाचून सांगत नाहीये, मी स्वतः आईच्या खिडकीत शिलाई मशीनचं तेल घातलं होतं, पहिले आठ दिवस खिडकी पळाली आणि दोन महिन्यांत आधीपेक्षा जड झाली. म्हणजे दोन वर्षांच्या बंद खिडकीत माझाही वाटा आहे.

दुसरी गोष्ट रबराची. खिडकीच्या पल्ल्याभोवती जे काळं रबर असतं, ज्याला गास्केट म्हणतात, ते बहुतेक वेळा ईपीडीएम नावाच्या रबराचं असतं. हे रबर ऊन, पाऊस, ओझोन सगळं वर्षानुवर्षं सोसतं पण पेट्रोलियम तेल त्याला अजिबात सोसत नाही, तेल लागलं की ते फुगतं, मऊ पडतं आणि मग खिडकी आणखीच घट्ट बसते. सिलिकॉनने त्याला काही होत नाही. त्यामुळे रबर असलेल्या खिडकीला तेल नको, सिलिकॉनच हवं, यात मला आता काही शंका राहिलेली नाही.

आणि घरात सगळ्यांकडे असतो तो डब्ल्यूडी-40 चा डबा, त्याबद्दलही बोलते कारण मला तीन जणांनी तोच मार म्हणून सांगितलं. ते अमेरिकेत 1953 साली तयार झालं, डब्ल्यूडी म्हणजे वॉटर डिसप्लेसमेंट, पाणी हटवणं, आणि 40 म्हणजे चाळिसाव्या प्रयत्नात जमलेला फॉर्म्युला. म्हणजे ते मुळात धातूवरचं पाणी हटवून गंज थांबवायला बनवलेलं. गंजलेला स्क्रू सोडवायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही, मी पुढे रोलरचे स्क्रू त्यानेच सोडवले, पण ट्रॅक सरकता ठेवायला मी ते वापरत नाही, ज्याचं काम त्याने करावं.

पण सगळ्यात आधी हे सांगायला हवं होतं, की स्प्रे हे शेवटचं काम आहे. खिडकी अडकते म्हणजे ती कुठेतरी घासते, आणि ती कुठे घासते हे न बघता वरून काहीही मारलं तर पैसे वाया. मला हे कळलं ते मिस्त्री काकांमुळे.

त्यांच्याआधी एक कंपनीवाले येऊन गेले होते. नाव लिहीत नाही. दोन जण आले, खिडकी एकदा ओढून बघितली, टेपने मापं घेतली आणि म्हणाले मॅडम फ्रेम गेलीये, चारही खिडक्या नव्या बसवाव्या लागतील, जुन्याला हात लावून उपयोग नाही. पल्ला काढून बघितला नाही, ट्रॅकमध्ये बोट घालून बघितलं नाही, लेव्हल लावली नाही. वीस मिनिटांत मोठं कोटेशन. मी जवळजवळ हो म्हणणार होते, खरंच, कारण आपल्याला त्यातलं कळत नसतं आणि समोरचा खात्रीने बोलत असतो. आईच म्हणाली की अगं फ्रेम कशी जाईल, भिंत तर सरळ आहे.

मिस्त्री काकांनी आल्या आल्या विचारलं, "ताई, खिडकी एकाच जागी अडते की सुरुवातीपासून शेवटपर्यंत जड आहे?" हा प्रश्न मला इतका आवडला. कारण त्यातच अर्धं उत्तर आहे. एकाच जागी अडत असेल तर ट्रॅक तिथे चेपलेला असतो किंवा काहीतरी पडलेलं असतं, खडा, स्क्रू, सिमेंटचा कण. पूर्ण वाटेवर जड असेल तर रोलर गेलेले. आणि सुरुवातीला हलकी पण बंद होताना शेवटचे चार बोटं अडत असेल तर पल्ला तिरका झालाय, वर टेकतोय आणि खाली नाही किंवा उलट. तुमच्याकडे जी खिडकी असेल तिचं आधी हेच बघा, काहीही विकत घ्यायच्या आधी.

आमची पूर्ण वाटेवर जड होती. मग त्यांनी पल्ला काढला. स्लायडिंगचा पल्ला काढायची पद्धत अशी की तो दोन्ही बाजूंनी धरून सरळ वर उचलायचा, वरच्या चॅनेलमध्ये त्याच्यासाठी मोकळी जागा ठेवलेली असते, तो वर गेला की खालचा भाग ट्रॅकवरून सुटतो आणि मग खालची बाजू आत, आपल्याकडे ओढून घ्यायची. बऱ्याच खिडक्यांना वर एक छोटा प्लास्टिकचा ठोकळा असतो, बाहेरून कोणी पल्ला उचलून काढू नये म्हणून, तो आधी काढावा लागतो आणि काम झाल्यावर न विसरता परत लावावा लागतो. हे एकट्याने करू नका. काच दिसते त्यापेक्षा फार जड असते, 1 चौरस मीटर काच दर 1 मिलिमीटर जाडीला अडीच किलो भरते, म्हणजे 5 मिलिमीटरची काच चौरस मीटरला साडेबारा किलो. आमचा पल्ला 90 सेंटिमीटर रुंद आणि 120 उंच, म्हणजे नुसती काचच साडेतेरा किलो, वर ॲल्युमिनियमची फ्रेम वेगळी. वरच्या मजल्यावर राहत असाल आणि पल्ला हातातून बाहेरच्या बाजूला गेला तर खाली कोण असेल याचा विचार करा. आम्ही दोघांनी धरला, काकांनी काचेवर फुलीसारख्या टेपच्या पट्ट्या लावल्या होत्या, आणि तो खाली गादीवर आडवा ठेवला.

आणि मग दिसलं. पल्ल्याच्या खालच्या कडेत दोन रोलर असतात, दोन्ही टोकांना एकेक. तो सगळा भार या दोन चाकांवर. आमच्या एका रोलरचं नायलॉनचं चाक एका बाजूने सपाट घासलेलं होतं, म्हणजे ते फिरत नव्हतं, नुसतं घसटत होतं, आणि दुसऱ्याचं बेअरिंग गंजून गच्च. दोन वर्षं आम्ही चाकावरची खिडकी नाही तर पंधरा-सोळा किलोचं ओझं ट्रॅकवरून घासत ओढत होतो. आईच्या मनगटाची मला तेव्हा आठवण झाली आणि कसंतरीच झालं.

ट्रॅकमध्ये तर बोलायलाच नको. माझं तेल, धूळ, केस, मेलेले किडे, आणि खाली एक थर जो खरवडल्याशिवाय निघेना. काकांनी आधी कोरड्या ब्रशने आणि व्हॅक्यूमने सुटं सगळं काढलं, मग कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे थेंब टाकून जुन्या टूथब्रशने घासलं, कोपऱ्यात लाकडी काडी वापरली. स्क्रू ड्रायव्हरने खरवडायचं नाही असं त्यांनी मला बजावून सांगितलं, कारण ॲल्युमिनियम मऊ असतं, त्याच्यावर चरा पडला की नवीन रोलरचं चाक त्या चऱ्यावरून जाऊन खराब होतं. ट्रॅकच्या बाहेरच्या बाजूला खाली दोन-तीन छोटी आडवी भोकं असतात, पावसाचं पाणी बाहेर जायला. आमची तीनही बुजली होती. त्यामुळे पाणी ट्रॅकमध्ये साठायचं, त्यातच रोलर उभे, म्हणून बेअरिंग गंजलं. म्हणजे सगळं मूळ त्या भोकांमध्ये. आता मी पावसाच्या आधी एक तार घालून ती मोकळी करते आणि कपभर पाणी ट्रॅकमध्ये ओतून बघते की बाहेर जातंय का. हे काम दोन मिनिटांचं आहे आणि या सगळ्या खटाटोपातली सगळ्यात उपयोगाची गोष्ट हीच वाटते मला.

रोलर घेताना जुना रोलर सोबत न्या. मी सांगते ना, फोटोवरून घेऊ नका, मी पहिला सेट फोटोवरून मागवला आणि दीड मिलिमीटरने उंच निघाला, बसला पण पल्ला वरच्या चॅनेलला टेकला. चाकाचा व्यास, ज्या डबीत चाक बसतं तिची रुंदी आणि उंची, आणि चाकाची खाच या चारही गोष्टी जुळायला लागतात. खाच म्हणजे काही चाकं मधे खोलगट असतात, ती ट्रॅकच्या उभ्या धारेवर बसतात, काही सपाट असतात. मी शेवटी स्टेनलेस स्टीलच्या बेअरिंगचे आणि नायलॉनच्या चाकाचे घेतले, वर्ष झालं, एकदाही आवाज नाही. स्टेनलेसमध्येही 304 आणि 316 असे ग्रेड असतात, 316 मध्ये मॉलिब्डेनम असतं त्यामुळे खाऱ्या हवेत ते जास्त टिकतं, समुद्राजवळ घर असेल तर तेच मागा. आणि एक गेला तरी दोन्ही बदला, एक नवा आणि एक झिजलेला असेल तर पल्ला तिरका चालतो.

बसवल्यावर उंची लावायची. पल्ल्याच्या उभ्या कडेला अगदी खाली एक छोटं भोक असतं, कधीकधी त्यावर प्लास्टिकचं बूच असतं, त्यात स्क्रू ड्रायव्हर घालून फिरवलं की रोलर वरखाली होतो. काका एकेका वेळी अर्धा फेराच फिरवायचे, मग खिडकी बंद करून पल्ला आणि उभी चौकट यातली फट वर किती आणि खाली किती ते बघायचे. दोन्ही सारखी दिसेपर्यंत. जास्त उचलला तर वर घासतो, फार खाली ठेवला तर वरच्या चॅनेलमधली पकड कमी होते आणि पल्ला निसटू शकतो, म्हणून शेवटी पल्ला वर उचलून बघायचा की सुटत तर नाही ना.

हे सगळं झाल्यावर मग स्प्रे. सुक्या ट्रॅकवर एक हलका फवारा, पल्ला दहा वेळा पुढेमागे, कडेच्या ब्रशसारख्या पट्टीला आणि रबराला मात्र सरळ फवारा नाही, फडक्यावर मारून ते फडकं फिरवायचं. रोलरवर खूप मारू नका. आणि खाली जमिनीवर जुनी चादर किंवा वर्तमानपत्र पसरा, हे मी अगदी कळकळीने सांगते कारण फरशीवर पडलेलं सिलिकॉन दिसत नाही आणि ती जागा इतकी घसरडी होते की माझाच पाय सरकला, आई तिथून गेली असती तर काय झालं असतं. साध्या पाण्याने ते निघतही नाही, साबण लावून दोनदा पुसायला लागतं. डब्यातला गॅस ज्वलनशील असतो, तेव्हा स्वयंपाकघरात मारताना गॅस बंद आणि दारं उघडी. आणि ज्या लाकडाला पुढे रंग द्यायचाय त्याला सिलिकॉन लावू नका, त्यावर रंग धरत नाही, गोल गोल डोळ्यांसारखे डाग पडतात. स्प्रेच्या डब्यावर यातलं घसरडेपणाचं काहीच लिहिलेलं नाही, म्हणून मी एक तारा कापते. टिकायचं म्हणाल तर आमच्याकडे चार-पाच महिने, मग परत पुसून एक हलका हात. पाचपैकी चार.

आता स्वयंपाकघरातली खिडकी, तिचं दुखणं वेगळंच. ती यूपीव्हीसीची, म्हणजे कडक प्लास्टिकच्या फ्रेमची, बाहेर उघडणारी, आणि बंद करताना हँडलच्या बाजूचा खालचा कोपरा चौकटीवर घासायचा, आम्ही रोज पल्ला थोडा वर उचलून बंद करायचो. अशा खिडकीला साधी बिजागरी नसते, वर आणि खाली एकेक लांब स्टीलची सरकती पट्टी असते, फ्रिक्शन स्टे म्हणतात. तीच खिडकी वाऱ्यात जागेवर धरून ठेवते. ती झिजली की पल्ला खाली लोंबतो. काकांनी आधी ती बदलली नाही, हे मला आवडलं. त्यांनी आधी काच बघितली. मला माहीतच नव्हतं की अशा पल्ल्यात काच नुसती बसवलेली नसते, तिच्या आणि फ्रेमच्या मधे प्लास्टिकचे छोटे चपटे तुकडे, पॅकर, ठरावीक जागी दाबून घातलेले असतात, बिजागरीच्या बाजूला खाली आणि हँडलच्या बाजूला वर, म्हणजे कर्णावर. त्यामुळे काच स्वतःच तिरक्या आधारासारखी पल्ला गुण्यात, म्हणजे कोपरे काटकोनात, धरून ठेवते. ते तुकडे सरकले किंवा बसवणाऱ्याने घातलेच नाहीत तर पल्ला लोंबणारच, बिजागरी कितीही नवी आणा. आमच्या खिडकीत वरचा तुकडा घसरून खाली आला होता. तो परत घातला तर ऐंशी टक्के काम तिथेच झालं. आतली काच धरणारी पट्टी काढून हे करावं लागतं, ते मी स्वतः करणार नाही, काच फुटायची भीती, त्यांचा हात सरावाचा आहे.

उरलेल्यासाठी स्टे बदलले. इथेही माप चुकायला जागा आहे. स्टेची लांबी बघायची, शिवाय तो बंद असताना त्याची जाडी किती, हे सहसा 13 किंवा 17 मिलिमीटर असतं, 13 च्या जागी 17 चा बसवला तर खिडकी नीट मिटणारच नाही. आणि बाजूला बिजागरी असलेल्या खिडकीचा स्टे वेगळा, वरून टांगलेल्या खिडकीचा वेगळा. या स्टेला एक पितळी छोटा स्क्रू असतो, तो घट्ट केला की खिडकी वाऱ्याने आपटत नाही. तिथल्या सरकत्या तुकड्याला तेल किंवा सिलिकॉन लावायचं नाही, त्याचं कामच घर्षणाचं आहे, मी उत्साहाच्या भरात तिथेही फवारा मारणार होते, काकांनी हात धरला. फक्त रिव्हेट असलेल्या सांध्यांवर मशीनच्या तेलाचा एकेक थेंब.

यूपीव्हीसीबद्दल अजून एक, दुपारी अडते आणि सकाळी नीट चालते अशी तक्रार कोणाची असेल तर ती खरी असते, भास नसतो. प्लास्टिक उन्हाने वाढतं. दीड मीटर लांबीचा यूपीव्हीसीचा तुकडा 30 अंश तापला तर साधारण 3 मिलिमीटर वाढतो, तेवढंच ॲल्युमिनियम जेमतेम 1 मिलिमीटर. त्यामुळे अशा खिडकीची फट सकाळच्या गारव्यात अगदी कमी लावून घेऊ नका.

लाकडी खिडकी हा माझा सगळ्यात जिव्हाळ्याचा भाग. बाबांनी स्वतः रंगवलेली, दर दोन-तीन वर्षांनी वरून एक हात द्यायचे, म्हणून त्याच्यावर ऑइल पेंटचे किती थर होते देव जाणे. ती पावसात गच्च बसायची आणि उन्हाळ्यात खडखडायची. लाकूड हवेतला ओलावा पितं आणि फुगतं, पण सगळीकडे सारखं नाही, लांबीला जवळजवळ काहीच नाही आणि रुंदीला बरंच. म्हणून पल्ल्याची उभी पट्टी रुंद होते आणि चौकटीत रुतते. आणि ओलावा सगळ्यात जास्त आत जातो तो लाकडाच्या रेषांच्या कापलेल्या टोकांमधून, म्हणजे पल्ल्याच्या अगदी वरच्या आणि अगदी खालच्या कडेतून, जिथे रंगारी कधी ब्रश फिरवतच नाहीत कारण ते दिसत नाही. बाबांनीही फिरवला नव्हता. आम्ही पल्ला काढला तेव्हा खालची कड कोरी, काळपट आणि ओलसर होती.

पण रंधा मारायच्या आधी काकांनी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे बिजागऱ्या हलवून बघितल्या, वरच्या बिजागरीचे दोन स्क्रू नुसते फिरत होते, भोक मोठं झालं होतं. त्यात काड्यापेटीच्या काड्या, गुलाचं टोक काढून, फेविकॉल लावून ठोकल्या, वाळल्यावर कापून त्यातच परत स्क्रू पिळला. नुसत्या तेवढ्याने पल्ला दोन-तीन मिलिमीटर वर आला! आपण ज्याला फुगलेली खिडकी म्हणत होतो त्यात अर्धं तर लोंबणं होतं. दुसरं म्हणजे कार्बन पेपर. पल्ला आणि चौकटीच्या मधे कार्बन पेपर धरून खिडकी बंद केली, जिथे घासते तिथे निळा डाग उमटला. फक्त तिथेच काम. मी तर पूर्ण कड तासून टाकली असती.

त्यांनी आम्हाला दोन महिने थांबायला सांगितलं. मला तेव्हा जरा रागच आला होता, मला लगेच करून हवं होतं. पण ते म्हणाले ताई, आत्ता ओल्या लाकडावर रंधा मारला तर कोरड्या हवेत बोटभर फट पडेल, मग थंडीत वारा आत येईल आणि तुम्हीच मला शिव्या घालाल. तोवर कडेला मेणबत्ती घासा. मेणबत्ती, साबण नाही, साबण ओलावा धरतो. ते मेणबत्तीचं खरंच चाललं, दोन महिने आम्ही तशीच वापरली. मग कोरड्या हवेत आधी जुना रंग डागांच्या जागी उतरवला, आणि जुन्या घरांतल्या रंगात शिसं असू शकतं म्हणून कोरडा घासला नाही, पाणी लावून वॉटर पेपरने, तोंडाला मास्क, आणि खरवड ओल्या फडक्याने गोळा करून. निम्म्याहून अधिक अडकणं तर त्या रंगाच्या थरांचंच होतं. रंध्याने अगदी पापुद्र्याएवढं काढलं, दोन्ही बाजूंना साधारण 2 मिलिमीटर फट ठेवली, आणि मग सहाही बाजूंना, ती न दिसणारी वरची आणि खालची कड धरून, प्रायमर आणि रंगाचे दोन हात. पूर्ण वाळेपर्यंत खिडकी बंद करायची नाही, नाहीतर रंगानेच चिकटते. तशी रंगाने चिकटलेली असेल कोणाची तर काचेवर हात ठेवून ढकलू नका, फटीतून कटरचं पातं फिरवून रंगाची शिवण कापा आणि लाकडाचा ठोकळा फ्रेमवर धरून त्याच्यावर हळू ठोका.

या पावसात ती खिडकी कशी चालते हे बघायला मी मुद्दाम थांबले होते, म्हणून हा रिव्ह्यू वर्षाने. एक दिवसही अडली नाही. किंचित घट्ट झाली होती ऐन ओल्या दिवसांत, पण एका हाताने उघडायची.

काकांच्या कामाला मी पाचपैकी पाच देते, कारण त्यांनी प्रत्येक वेळी आधी विचारलं, काढून बघितलं, आणि जिथे बदलायची गरज नव्हती तिथे नाही म्हणाले. तुम्ही कोणालाही बोलवा, पण जो माणूस पल्ला खाली न काढता "नवीन बसवा" म्हणेल त्याला थांबवून विचारा की रोलर बघितले का, पॅकर बघितले का, बिजागरीचे स्क्रू बघितले का. चौकट खरंच कुजली असेल, स्क्रू ड्रायव्हर टोचला तर आत जात असेल, किंवा भिंत खचून चौकट गुण्यात राहिली नसेल तर नवीन लागतेच, त्याला इलाज नाही. ते ओळखायला सोपं आहे, दोन्ही कर्ण टेपने मोजा, सारखे आले तर चौकट गुण्यात आहे. त्या कंपनीवाल्यांनी गेली म्हणून सांगितलेल्या आमच्या फ्रेमच्या कर्णात 1 मिलिमीटरचाही फरक नव्हता.

बाथरूमची वरून टांगलेली खिडकी अजून राहिलीये, तिचा स्टे हव्या त्या मापात मिळत नाहीये, 10 इंची मिळतो आणि मला 8 हवाय, मिळाला की इथेच खाली लिहीन. आईच्या खोलीची खिडकी सध्या दिवसभर उघडी असते, ती आता मला सांगते की बंद कर गं, फार वारा येतोय, तर मी म्हणते तूच कर ना, एका बोटाने होते. आणि ती करते.